चौथं पोतं

सोमवार, २२ एप्रिल १९७४

दगडवाल्या एबर्टचा आज तिसऱ्यांदा फोन आला. ऑरिनचा दगड घडवून तयार आहे. नावं कोरून झालीत, त्याचं आणि शेजारी माझं. माझ्या नावाखाली १९१७, मग एक आडवी रेघ आणि पुढं कोरी जागा. ती मी गेल्यावर भरायची. आता फक्त तळाची ओळ राहिलीये.

"बाई, सजावटीच्या रविवारी सगळं गाव फुलं घेऊन कबरस्तानात येणार, आणि ऑरिनच्या उशाशी नुसती काठी. बरं दिसतं का? 'प्रेमळ पती' घालू का? हल्ली तेच जास्त जातं."

कळवते म्हणाले. ज्याच्या शेजारी एकोणचाळीस वर्षं निजले त्याच्याबद्दल मला एक ओळ सुचेना. नऊ फेब्रुवारीला तो गेला, तेव्हापासून मी एकदाही रडलेली नाही. हात फार वेळ पाण्यात राहिले की बोटं कशी होतात, तसं आतून झालंय. जेवते, झोपते, गोधडीच्या मंडळाला जाते. कशाला चव नाही.

अंत्यविधीला शेजारणींनी जेवण भरून आणलेली काचेची भांडी अजून चार उरलीत. प्रत्येकाच्या बुडाला चिकटपट्टी, तिच्यावर मालकिणीचं नाव. आठवड्याला एक पोचवायचं ठरवलंय.

बंद पडलेल्या शाळेत सिनेमावाले उतरलेत. चौतीस सालच्या दरोडेखोरांचा सिनेमा. दुपारी त्यांच्यातली कपडेवाली मार्शा दारात आली. पंचविशीची, पायात पुरुषी बूट, नखं कुरतडलेली.

"स्ट्राउडबाई, या गावात सगळ्यांत बारीक टाका तुमचा, असं वाण्यानं सांगितलं."

"वाणी उधारीवाल्यांची स्तुती करत नाही, म्हणजे खरं असेल," मी म्हटलं आणि हो म्हणून बसले. कुणीतरी काहीतरी मागितलं तर हो म्हणणं सोपं जातं, नाही म्हणायला कारण शोधावं लागतं.

बुधवार, २४ एप्रिल

सिनेमातल्या पोरीचं नाव रूबी. दरोडेखोराच्या गाडीत बसून पळून जाते आणि शेवटी आमच्याच रस्त्यावर गोळ्या खाऊन मरते. तिचा मरतानाचा झगा शिवायचा, तोही एकसारखा तीनदा. कारण अंगावरच्या लाल पिशव्या फुटल्या की झगा गेला, आणि शॉट बिघडला तर दुसरा झगा लागतो. पाच करायची ऐपत नाही म्हणाली मार्शा, तिनात भागवायचंय.

मी तिला सांगितलं, त्या काळी आम्ही कोंबड्यांच्या खाद्याच्या पोत्यांचे झगे घालायचो. कंपन्या पोत्यांवर फुलं छापायच्या. मोठ्या बाईच्या झग्याला एकाच फुलाची चार पोती लागत, आणि चौथं पोतं मिळणं म्हणजे लॉटरी. दुकानदार पुरुषांना फुलं-बिलं समजायची नाहीत, वरचं उचलून द्यायचे. मार्शा तोंड उघडं टाकून ऐकत होती.

"तसलं कापड कुठं बघायला मिळेल?"

मी पेटी उघडली आणि निळ्या फुलांचा झगा दाखवला. तिनं नाकाशी धरला. "बाई, हा तर कधी घातलेलाच नाही! खालची दुमडसुद्धा घातलेली नाहीये."

"राहून गेली," मी म्हटलं.

तो आयोनचा. माझी थोरली बहीण. तिची उंची मला नक्की आठवेना, म्हणून दुमड ती आल्यावर तिच्या अंगावर टाचायची ठरली होती. मार्शाला यातलं काही सांगितलं नाही. गावाला सगळं ठाऊक आहे, पण गाव बोलत नाही. चाळीस वर्षांत माझ्यासमोर आयोनचं नाव कुणी काढलेलं नाही. माणसं सभ्य आहेत आमच्याकडची.

झगा उसवून नमुना काढायला मी नकार दिला. नुसती मापं घेतली.

सोमवार, २९ एप्रिल

पहिल्या दिवशीचं चित्रीकरण पाहिलं. दात कोरून पोट भरायचा प्रकार आहे सगळा. जुनी गाडी एकच. सकाळी तिच्यात दरोडेखोर बसतात, दुपारी दाराला शेरिफची चांदणी चिकटवून पोलीस. बँक म्हणजे आमचं जुनं टपाल ऑफिस. बँकेतली गर्दी म्हणजे आमच्या गोधडी मंडळातल्या सहाजणी; एका बाजूनं बाहेर पडायचं, टोपी बदलायची, दुसऱ्या बाजूनं आत यायचं. विल्मा प्रुएट तर टोपी बदलायलाच विसरली आणि दोनदा मेली.

दिग्दर्शकाचं नाव लेनी. दाढीवाला, सतत भुकेला, माझ्या डब्यातली मक्याची पाव-भाकरी न विचारता खातो. शहरातून आलाय, पण "बाई" म्हणायला शिकलाय.

विल्माचा भाऊ हॉलिस त्यांचा सल्लागार झालाय. चौतीस साली तो शेरिफच्या हाताखाली होता, त्या दिवशी रस्त्यावर बंदूक घेऊन बसलेल्या सहांतला एकटाच जिवंत. एकोणऐंशी वर्षांचा, अर्धा बहिरा, पण खुर्चीत बसून अख्ख्या कंपनीला हुकूम सोडतो. सुंभ जळला तरी पीळ तसाच. मला पाहून टोपी काढली.

"काय गं डेल्फा. ऑरिन असता तर मजा आली असती त्याला. त्या वर्षी त्यानं आपल्यासाठी जे केलं ते मी विसरलेलो नाही."

रस्त्यांबद्दल म्हणत असणार. ऑरिन आधी खाद्याच्या दुकानात झाडू मारायचा. चौतीसच्या शरद ऋतूत शेरिफनं शब्द टाकला आणि त्याला काउंटीच्या रस्त्यांवर मुकादमाची जागा मिळाली. त्या दिवसांत शिकलेली माणसं रांगेत उभं राहून सूप प्यायची, त्यात याला नोकरी. पुढच्या वसंतात आमचं लग्न झालं. माणूस कष्टाळू असला की लोकांच्या डोळ्यांत भरतो, असं तो म्हणायचा.

एक झगा झाला.

शुक्रवार, ३ मे

दुसरा झगा झाला. शिवताना आई आठवली.

आयोन गेल्यानंतर आईनं माझ्या हातचा टाका अंगाला लावला नाही. सोळा वर्षं जगली, त्यातली शेवटची सहा आमच्याच मागच्या खोलीत, पण कपडे दुकानातून आणवायची. बाहीला न बसणारे, खांद्यावरून उतरणारे. मी एकदा मुद्दाम राखाडी झगा शिवून तिच्या पलंगावर ठेवला. संध्याकाळी तो घडी न मोडता माझ्या शिलाईच्या यंत्रावर परत आलेला. मला वाटलं, शिलाई पाहिली की तिला आयोन आठवत असेल.

आयोनला पुरतानाही मी तो निळा झगा घेऊन गेले होते. आई म्हणाली, "त्या कापडात नाही." फुलं भडक होती म्हणून असेल. शेवटी जुन्या तपकिरी झग्यात पुरलं, चर्चच्या कुंपणाबाहेर, दगड न बसवता. पाद्री आत घेईना.

आणि आईची जेवणाआधीची प्रार्थना. अन्नाबद्दल आभार, पावसाबद्दल आभार, आणि दर वेळी शेवटी, "या घरातल्या ज्या लेकराच्या हातून घडू नये ते घडलं, त्याला देवा तू क्षमा कर, मला अजून जमत नाही." आयोनसाठी म्हणायची. मी मान खाली घालून ऐकायचे. "आमेन" मात्र ऑरिनचं सगळ्यांत मोठं. चर्चमध्येही तसंच, मागच्या बाकापर्यंत ऐकू जायचं.

त्याच्यासाठी एक ओळ सुचत नाही याची लाज वाटायला हवी मला. तीही वाटत नाही.

गुरुवार, ९ मे

आज रूबीला मारलं.

खऱ्या जागेवरच, पुलाअलीकडच्या वळणावर. हॉलिसनं काठीनं दाखवलं, कोण कुठं बसलं होतं. शेरिल नावाची पोर रूबी झालीये. गोड आहे, सारखं च्युइंगम चघळत असते. मी तिच्या अंगावर झगा बसवला, आतून पिशव्या टाचल्या. मक्याचा पाक आणि लाल रंग. उन्हात मुंग्या लागल्या, तिला हसू आवरेना.

पहिल्या खेपेला दोनच पिशव्या फुटल्या. लेनी म्हणाला, "दोन गोळ्यांनी कोण मरतं? पुन्हा!" दुसऱ्या खेपेला सगळ्या फुटल्या, पण मरताना तिनं चघळायचं थांबवलं नव्हतं. तिसरा झगा. तो मात्र साधला. ती गाडीच्या पायरीवरून खाली घसरली आणि तिचा एक बूट पायरीवर राहिला.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी बूट उचलून मार्शाला दिला.

चौतीस साली या वेळी मी इथून पाव मैलावर होते, शाळेच्या मागं, निळा झगा वर्तमानपत्रात गुंडाळून. शुक्रवारी दुपारी बारा, असं आयोननं कळवलं होतं. आवाज आले तेव्हा मला वाटलं, कुणीतरी पत्र्यावर मका ओततंय. मी आणखी अर्धा तास तिथंच उभी होते.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आज लिहिलं. काही वाटतंय का पाहिलं. नाही.

शुक्रवार, १० मे

लेनी सकाळी कागद फडफडवत आला. हॉलिसनं काल त्याला बिअरवर काहीतरी खास दिलंय.

"बाई, शेवटच सापडला! मला कळेना, ही पोर परत या गावात आलीच कशाला? बँक नाही, पैसा नाही. तर म्हणे झग्यासाठी आली! तिला एक धाकटी बहीण होती. दिसायला बेताची, मनात जळणारी. तिनं झगा शिवायला घेतला, ये म्हणून निरोप धाडला, आणि तिकडे आपल्या मित्राकरवी शेरिफला कळवलं. झगा म्हणजे गळाला लावलेलं आमिष. काय गोष्ट आहे, नाही?"

"असं हॉलिस म्हणाला?"

"म्हातारा म्हणतो, गावात लहान पोरालाही माहीत आहे. बहिणीचं नाव मात्र सांगत नाही. शेरिफला शब्द दिलाय म्हणे. शब्द! चाळीस वर्षं झाली!"

मार्शानं टाचण्यांचा डबा माझ्या पुढ्यात ठेवला. मी टाचण्या मोजून लावायला लागले, मोठ्या एकीकडं, बारीक एकीकडं.

"बहीण दाखवायला नटी आणायला पैसे नाहीत," लेनी म्हणाला. "चेहरा नकोच. नुसते हात घेऊ. शिवणारे हात. बाई, तुमचे हात द्याल? असे हात मला कुठं मिळणार?"

मी हो म्हटलं.

शनिवार, ११ मे

शाळेच्या वर्गात दिवे लावले. टेबलावर माझं यंत्र, पण लेनीला हातशिलाई हवी होती. "काहीही शिवा, बाई. फक्त घाई नको."

तिन्ही झगे पाकात बुडालेले. म्हणून मी निळा झगा नेला होता, आयोनचा. दुमड राहिली होती तीच घातली. लेनी कॅमेऱ्यामागून बोलत होता: "तिला माहीत आहे हे कशासाठी आहे. प्रत्येक टाक्याला माहीत आहे... थोडं हळू... वा."

उंची शेरिलच्या मापानं धरली. घेर पुरा झाला तेव्हा मी गाठ मारून दोरा दातानं तोडला. लेनीला ते फार आवडलं, पण तोंड चित्रात आल्यामुळे वापरता येणार नाही म्हणाला.

सगळा वेळ हात सवयीनं चालत होते. मीच बघत होते त्यांच्याकडं.

रविवार, १२ मे

आज मातृदिन. आई गेलेल्यांनी पांढरं फूल लावायचं, तसं लावून चर्चला गेले. मग विल्माचं काचेचं भांडं घेऊन प्रुएटांकडं. तेच शेवटचं उरलं होतं. अंत्यविधीचं भांडं रिकामं परत केलेलं चालतं.

विल्मा स्वयंपाकघरात होती. हॉलिस ओसरीवर. मी त्याच्या बऱ्या कानाकडं बसले.

"हॉलिस, त्या शुक्रवारचं शेरिफला कुणी सांगितलं?"

त्यानं खुर्ची माझ्याकडं वळवली. "डेल्फा, ते पोरगं काही बोललं का तुला? मी नाव घेतलं नाही हं तुझं. देवाशपथ."

"सांग मला."

"तुलाच काय सांगू? ऑरिन आला होता. मंगळवारी, मागच्या दारानं. म्हणाला, डेल्फानं निरोप दिलाय. शुक्रवारी बारा वाजता शाळेमागं येणार, झगा न्यायला. तिला हे चालू राहायला नकोय, म्हणाला, पण तिचं नाव कुठं येऊ देऊ नका, तिची आई मरेल." त्यानं माझ्या हातावर हात ठेवला. "सतरा वर्षांची होतीस गं. आम्ही सहाजण तेव्हाच म्हणालो, पोरीचं काळीज मोठं."

"मी निरोप दिला नव्हता."

"काय?"

"निरोप दिला नव्हता म्हणते मी! मला चौथं पोतं हवं होतं. निळ्या फुलांचं. तो दुकानात होता, त्याला बाजूला काढून ठेव म्हटलं. त्यानं विचारलं, तुला तर तीन पुरतात. मी म्हटलं, आयोनसाठी आहे, शुक्रवारी बारा वाजता शाळेमागं येणारे. एवढंच."

हॉलिसनं टोपी काढून मांडीवर ठेवली. "तुझ्या आईनं विचारलं होतं मला," तो म्हणाला. "अंत्यविधीच्या आदल्या दिवशी. शपथ घातली. बाईमाणसाला खोटं कसं सांगू? म्हटलं, तुमच्या धाकटीनंच शहाणपण दाखवलं, आता तिला रागावू नका."

आतून विल्मानं विचारलं, लिंबाचा केक खाऊन जाशील का. मी थांबले आणि खाल्ला.

सोमवार, १३ मे

गाद्या उन्हात घातल्या.

बुधवार, १५ मे

आईची प्रार्थना आयोनसाठी नव्हती. आयोन घरात नव्हतीच, ती कुंपणाबाहेर होती. "या घरातल्या ज्या लेकराच्या हातून" म्हणजे मी. सहा वर्षं, दिवसातून तीनदा, आई माझ्यासमोर माझ्यासाठी क्षमा मागत होती, आणि मी तिला बटाटे वाढत होते.

आणि टेबलाच्या त्या टोकाला ऑरिन बसलेला. त्याला एक वाक्य बोलायचं होतं. "आई, तिनं नाही, मी." आई गेली त्या रात्रीसुद्धा बोलता आलं असतं. त्याऐवजी तो म्हणायचा, आमेन.

आज मला राग आला. भांडी घासताना एकदम आला. तीन महिन्यांनी काहीतरी वाटलं. खुर्चीवर बसून मी तो जाईपर्यंत थांबले. तो गेला नाही.

शनिवार, १८ मे

सिनेमावाले गेले. मार्शानं गळ्यात पडून रडून घेतलं; तिला येतं. लेनी म्हणाला, शरद ऋतूत सिनेमा इथल्या उघड्यावरच्या पडद्यावर लावणार, पहिला खेळ गावाला फुकट. "तुमचे हात एवढे मोठे दिसतील, बाई," म्हणून दोन्ही बाहू पसरले. माझी अनामिका लहानपणी यंत्रात सापडून वाकडी झालीये. सगळं गाव ओळखतं ती.

मी त्याला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं ते आनंदानं घेतलं असतं.

गुरुवार, २३ मे

एबर्टकडं गेले. दगड अंगणात उभा होता, करडा, गुळगुळीत. त्याचं नाव, माझं नाव, मध्ये दोन अंगठ्या एकमेकींत अडकवलेल्या.

"ओळ सुचली का, बाई?"

"आमेन," मी म्हटलं.

"नुसतं?"

"नुसतं."

त्यानं अक्षरं मोजली, खूश झाला. मग मी विचारलं, माझं नाव खरवडून काढता येईल का. त्याला वाटलं वर्षात चूक झालीये. चूक नाही म्हटल्यावर कान खाजवत म्हणाला, खरवडलं तर दगड विद्रूप होईल, खड्डा दिसेल.

"मग राहू दे. मी तिथं येणार नाहीये, पण नाव राहू दे. ऑरिनला माझं नाव वापरायची सवय आहे."

त्याला काही कळलं नाही. दुसरा दगड सांगितला, लहान, दोन नावांचा. आयोन, १९१४ ते १९३४. डेल्फा, १९१७ आणि रेघ. कुंपणाबाहेर बसवायचा. एबर्टनं पेन्सिल खाली ठेवली. "बाहेर? बाई, लोक काय म्हणतील?"

"लोकांचं म्हणून झालंय," मी म्हटलं.

रविवार, २६ मे

सजावटीचा रविवार. सकाळी लवकर जाऊन आईची कबर साफ केली. गवत उपटलं, पांढरी आयरिसची फुलं ठेवली. तिला सांगितलं, मोठ्यानं, तीनदा. आई जिवंतपणी एका कानानं ऐकायची आणि मनातलं सोडायची नाही, तर आता काय ऐकणार. पण सांगितलं.

मग कुंपणाबाहेर आयोनपाशी. तिथं निळा झगा घडी करून ठेवला, वर दगड ठेवला वारा येईल म्हणून. दुमड तिच्या मापाची नाही.

विल्मा टोपली घेऊन कुंपणापाशी आली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणी त्या बाजूला आलं.

"विल्मा, मी सांगितलं नव्हतं," मी म्हटलं. "ऑरिननं माझ्या नावानं सांगितलं."

तिनं कुंपणावरून माझा दंड धरला. डोळ्यांत पाणी. "अगं, असू दे. आम्ही कुणीच कधी मनात धरलं नाही. लहान होतीस तू. आणि मेलेल्या माणसावर आता कशाला ढकलायचं?"

मी पुन्हा सांगणार होते, पण ती आधीच वळून ऑरिनचा नवा दगड पाहत होती. खूप फुलं पडली होती त्याच्यावर. रस्ते केले होते त्यानं सगळ्यांचे. विल्मानं तळाची ओळ वाचली.

"किती साजेसं घातलंस गं," ती म्हणाली. "सगळ्यांत मोठ्यानं म्हणायचा तो."

"हो," मी म्हटलं. "माझ्या आईच्या समोर बसून."